रात्री कुणाला हाक मारशील?

पेडणे तालुक्यातल्या आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा मरणावर गप्पा होतात. निमित्त प्रश्नांच्या पत्त्यांचं. हे पत्ते आम्ही चौघांनी मिळून केले : मी, एक चित्रकला शिक्षक, सरकारी आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेल्या एक परिचारिका आणि दशावतारात राजपार्ट करणारा एक कलावंत. असा खेळ आपल्या गावात करायचा तर काय काय ध्यानात ठेवावं, असं डिचोलीहून, दोडामार्गाहून लोक विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. खेळ कुणी घडवला ते आधी पाहा

मूळ कल्पना आमची नव्हे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात 'अ‍ॅक्शन मिल' नावाची एक छोटी संस्था होती. जेथ्रो हायको आणि निक जेहलेन हे तिच्यातले दोघे. हायको वस्त्यावस्त्यांतून लोकांना एकत्र आणणारा कार्यकर्ता; आपल्या शहरात कसिनो येऊ नयेत म्हणून झालेल्या चळवळीत तो पुढे होता. मांडवीतल्या कसिनोंवर इतकी वर्षं बोलणाऱ्या गोंयकारांना त्याची एवढी ओळख पुरे. जेहलेन मांडणीकार; 'द प्रोग्रेसिव्ह' या मासिकाचं कलासंपादन त्यानं केलेलं. २०१३ च्या सुमारास लोकवर्गणीतून त्यांनी 'माय गिफ्ट ऑफ ग्रेस' नावाचा खेळ काढला. पुढं त्याचं नाव 'हॅलो' झालं.

या दोघांत डॉक्टर कुणी नाही, पाद्रीही नाही. मला हीच गोष्ट फार मोलाची वाटते. डॉक्टर समोर बसले की आपण ऐकणारे होतो आणि भटजी समोर बसले की हात जोडतो. सभेत मागच्या रांगेत बसलेल्या माणसाला बोलतं कसं करायचं, हे मात्र चळवळीतल्या माणसाला ठाऊक असतं. त्या खेळात ते पानोपानी दिसतं. प्रश्नांची वही प्रत्येकाच्या हातात असते. प्रत्येक जण आपलं उत्तर लिहितो आणि पाळीपाळीनं वाचून दाखवतो. एखाद्याचं बोलणं मनाला भिडलं तर आपल्याजवळची चकती त्याला द्यायची. आणि शेवटी छापा-काटा : सगळ्यांत जास्त चकत्या असलेला जिंकणार की सगळ्यांत कमी असलेला, हे नाणं ठरवतं. या एका नियमाला मी मनापासून दाद देते. जिंकायचं कसं हेच कळत नसल्यामुळं कुणी जिंकण्यासाठी बोलत नाही. मरणासारख्या विषयावर छाप पाडण्यासाठी बोलणारा एक जण जरी बसला, तरी बाकीचे मिटून जातात.

पेन स्टेट विद्यापीठातल्या डॉ. लॉरेन जोडी व्हॅन स्कॉय यांनी या खेळाचा रीतसर अभ्यास केला आहे. खेळून गेलेल्यांतल्या बहुतेकांनी पुढच्या काही महिन्यांत घरच्यांशी किंवा डॉक्टरांशी बोलणं तरी केलं, नाहीतर कागद तरी केले.

२. आधी लिहायचं, मग बोलायचं

आपल्या घरांत प्रश्न विचारला की उत्तर कोण देणार हे ठरलेलं असतं. वडीलधारं माणूस बोलतं, बाकीचे माना डोलावतात आणि सुनेची पाळी येईपर्यंत चहा येतो. म्हणून लिहिण्याचा नियम आम्ही जसाच्या तसा घेतला. ज्यांना लिहायला जमत नाही त्यांच्या शेजारी कॉलेजातली एखादी मुलगी बसते आणि कानात सांगितलेलं उतरवून घेते. एकदा कागदावर उतरलं की सासूबाईंचं ऐकून ते बदलावंसं वाटत नाही.

चकत्यांच्या जागी आम्ही काजूच्या सुक्या बिया ठेवल्या. पेडण्यात वाढलेल्या कुणाही माणसाला लहानपणी बियांनी खेळल्याची आठवण असते, त्यामुळं हात आपोआप त्यांच्याकडं जातो. एका बैठकीत प्रश्न होता : शेवटच्या दिवसांत तुझ्या खोलीत काय असावं? सासूबाईंनी लिहिलं, देव्हारा दिसावा. सून वाचताना जराशी थांबली, पण तिनं वाचलं : 'खिडकी. आणि दार कुणी लावू नये.' तीस वर्षं एका घरात राहिलेल्या त्या दोघी. सासूबाईंनी आपल्यापुढच्या दोन बिया उचलल्या, सुनेच्या वहीवर ठेवल्या आणि विचारलं, ''दार कोण लावता गो?'' त्या दिवशी पुढचे प्रश्न झालेच नाहीत. दाराचंच बोलणं तासभर चाललं.

३. जागा घराबाहेरची हवी आणि वेळ दिवसाउजेडीची

बर्नार क्रेताझ या स्विस समाजशास्त्रज्ञानं २००४ मध्ये नशातेल गावी उपाहारगृहात 'कॅफे मॉर्तेल' भरवला, म्हणजे चहापाण्यासोबत मरणावर गप्पा. ते वाचून जॉन अंडरवूड या लंडनच्या तरुणानं २०११ मध्ये स्वतःच्या घरी माणसं बोलावली, केक कापला आणि 'डेथ कॅफे' सुरू केला. ती कल्पना जगभर पसरली. जॉन स्वतः २०१७ मध्ये अवघ्या ४४ व्या वर्षी अचानक गेला. त्याचं काम त्याची आई आणि बहीण पुढं चालवू लागल्या.

त्याला घर चाललं, आपल्याकडं चालत नाही. वास्तू तथास्तु म्हणते, ही समजूत आमच्याकडं पक्की आहे. भरल्या घरात, त्यातून तिन्हीसांजेला, कुणी असं काही तोंडातून काढलं तर आजी पहिल्यांदा दिव्याकडं बघते. तिची समजूत घालत बसण्यात मला अर्थ दिसत नाही. ती मान्य करून वाचनालयाची खोली घ्यावी, शाळेचा वर्ग घ्यावा किंवा देवळाची अग्रशाळा घ्यावी. अग्रशाळेत तर म्हातारी माणसं जास्त मोकळी बोलतात, असं मी पाहिलं आहे. वेळ दुपारी चारची बरी. सांज व्हायच्या आत सगळे आपापल्या घरी जातात.

४. मेल्यानंतरचं सगळ्यांना ठाऊक असतं. विचारायचं ते त्याच्या आधीचं

आमच्या भागात लोक मरणाबद्दल बोलतच नाहीत, असं कुणी म्हटलं तर मला ते पटत नाही. देवचाराच्या गोष्टी प्रत्येक वाड्यावर आहेत. कोजागिरीला पेडण्याच्या पुनवेला भूतबाधेवर उतारा मिळावा म्हणून लांबलांबून माणसं येतात आणि देवळापुढं रात्रभर गर्दी असते. दहावं, बारावं, कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा, म्हाळात कुणाच्या नावानं पान वाढायचं, यातलं काहीच कुणाला शिकवावं लागत नाही. गेलेल्या माणसाशी कसं वागावं याची घडी बसलेली आहे.

निघालेल्या माणसाशी कसं वागावं याची घडी मात्र विसकटली. पूर्वी माणूस घरात जायचं. तोंडात गंगाजल आणि तुळशीचं पान घालायला कोण पुढं होणार, हे न सांगता समजायचं. आता १०८ ची रुग्णवाहिका येते. आधी तुये, मग म्हापशाचं जिल्हा इस्पितळ, मग बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालय. प्रत्येक ठिकाणी एक सही. बांबोळीला रात्री दोन वाजता तरुण डॉक्टर बाहेर येतात आणि विचारतात, नळी घालायची का? समोर उभ्या असलेल्या मुलानं वडिलांशी या विषयावर जन्मात एक शब्द काढलेला नसतो. तो 'घाला' म्हणतो. दुसरं काय म्हणणार?

आमच्या पत्त्यांच्या पहिल्या मसुद्यात बरेच प्रश्न विधींचे होते. परिचारिकाबाईंनी लाल पेन घेतलं आणि सगळे खोडले. ''हे भटजी सांगतात. रात्री दोन वाजता जे विचारावं लागतं ते लिहा,'' म्हणाल्या. मग प्रश्न आले ते असे : तुला तुझ्या आजाराबद्दल सगळं समजावं, की घरच्यांना सांगितलं तरी चालेल? जेवण भरवून घ्यायची वेळ आली तर ते कुणाच्या हातचं? बोलता येईना झालं, तर तुझ्या वतीनं कुणी बोलावं?

आणि एक प्रश्न 'हॅलो'तलाच, आमच्या भाषेत आणलेला : रात्री उठून संडासाला जाता येईना, तर कुणाला हाक मारशील? आणि कुणाला कधीच मारणार नाहीस? या प्रश्नाला सगळी खोली गंभीर होते. पुरुष पटकन 'बायको' लिहितात. बायका पेन्सिल धरून बसतात. पन्नाशीच्या पुढच्या कितीतरी जणींनी लिहिलं आहे, 'कुणालाच नाही'. जन्मभर दुसऱ्यांची हागणी-मुतणी काढलेल्या या बायका. त्यांचं हे उत्तर नवऱ्यानं आणि मुलांनी समोर बसून ऐकावं, यासाठी तरी हा खेळ व्हायला हवा असं मला वाटतं.

५. जमीन खेळात येऊ देऊ नका

हा पेडण्याचा खास मुद्दा. मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं, पण तालुक्यातल्या जमिनीचे भाव त्याच्या बरेच आधीपासून चढू लागले होते. ज्या भरडाला कुणी विचारत नव्हतं, त्याच्यासाठी दलाल दारात येऊ लागले. अशा दिवसांत मुलानं नुसतं ''बाबा, तुमच्या मागं...'' म्हटलं, तरी बाबांच्या डोळ्यांपुढं एक-चौदाचा उतारा येतो. यात त्यांचं काही चुकत नाही. शेजारच्या घरात काय झालं ते त्यांनी पाहिलेलं असतं.

म्हणून बैठकीच्या सुरुवातीलाच सांगून टाकायचं : इथं घर, बागायत, सोनं यातलं काही निघणार नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या दिवाणी कायद्याप्रमाणं मुलाबाळांसाठी अर्धी मिळकत राखीवच असते. मृत्युपत्रानं उरलेल्या अर्ध्याचंच काय ते ठरवता येतं. ते काम नोटरीकडं बसून करावं. इथं बोलायचं ते फक्त देहाबद्दल आणि त्याच्या शेवटच्या दिवसांबद्दल. एवढं ऐकलं की म्हाताऱ्या माणसांचे खांदे सैल होतात. जमीन कुणी काढलीच तर त्याचा पत्ता उलटा करून पुढच्याला पाळी द्यायची. त्यावर वाद घालायचा नाही.

६. प्रश्न दशावतारासारखा असावा

दशावतारात छापील संवाद नसतात. जत्रेला मंडळी आली की आज कोणतं आख्यान हे ठरतं, कोणता प्रवेश कुणाचा ते वाटून दिलं जातं आणि बाकी सगळं रंगमंचावर उभं राहून सुचतं. कथा ठाऊक, शेवट ठाऊक, तरी उत्तररात्री माणसं जागी असतात, कारण आज हा यम सावित्रीला काय उत्तर देणार हे कुणालाच माहीत नसतं. आमच्या कलावंत मित्रानं यमाचं काम पुष्कळदा केलं आहे. तो म्हणतो, सावित्री पाठ केलेलं बोलायला लागली की यमाला कळतं आणि प्रेक्षकालाही कळतं.

प्रश्नांची भाषा त्यानं दुरुस्त केली. 'मृत्यू अटळ आहे हे स्वीकारून आपण...' असा आमचा एक पत्ता सुरू व्हायचा. त्यानं तो राजाच्या आवाजात मोठ्यानं वाचला, आणि ते प्रवचन झालं आहे हे आम्हा सगळ्यांना ऐकूनच समजलं. आता त्या पत्त्यावर एवढंच आहे : शेवटच्या दिवशी कानांवर काय पडावं? यावर भजन आलं, केरीच्या समुद्राची गाज आली, पायपेटी आणि झांज आली. एका आजोबांनी सांगितलं, ''नातू मोबाईलवर खेळतो, त्याचा आवाज बंद करू नये.'' असं उत्तर आम्हाला आधी सुचलंच नसतं, आणि प्रश्नात आम्ही उपदेश ठेवला असता तर त्यांनाही ते सुचलं नसतं.

७. बोलता न येणाऱ्यांसाठी पत्ते निवडायला द्या

कॅलिफोर्नियातल्या 'कोडा अलायन्स' या संस्थेनं 'गो विश' नावाचे ३६ पत्ते केले आहेत. प्रत्येक पत्त्यावर एक इच्छा : वेदना नसाव्यात, घरचे जवळ असावेत, कुणावर भार नसावा. एक पत्ता कोरा ठेवल्यासारखा, त्यावर आपली वेगळी इच्छा धरायची. त्यांचे तीन गठ्ठे करायचे : फार महत्त्वाचं, थोडं महत्त्वाचं, बिनमहत्त्वाचं.

आमच्या परिचारिकाबाई असे पत्ते घेऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडं जातात. पक्षाघातानं वाचा गेलेल्या एक आजी बोट ठेवून पत्ते निवडत होत्या. पहिला निवडला तो वेदनेचा. दुसरा घराचा. तिसरा आमच्या चित्रकला शिक्षकांनी स्वतःच्या आईच्या आठवणीनं घातलेला होता, त्यावर फणीचं चित्र आहे : केस विंचरलेले असावेत. आजींनी तो पत्ता उचलला आणि परत दिलाच नाही. अजून त्यांच्या उशाशी आहे, आणि सून रोज सकाळी आधी केस विंचरते.

वेदनेचा पत्ता जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या गठ्ठ्यात ठेवतो. म्हणून बैठकीत हे सांगणं मी कधी टाळत नाही, की शेवटच्या आजारातल्या वेदनांवर उपाय आहेत आणि ते मागण्याचा हक्क आहे. मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये देशातलं पहिलं हॉस्पिस सुरू झालं, शांती आवेदना सदन. त्यांचं केंद्र आपल्या गोव्यातही लोटलीला आहे.

८. हसू आलं तर येऊ द्यावं

हसणाऱ्याला गप्प करू नये. पुष्कळदा खरं उत्तर हसण्याच्या मागोमाग येतं.

९. वर्ष झालं नसेल तर बोलावू नये

ज्या घरात वर्षश्राद्ध व्हायचं आहे, त्या घराला आम्ही आपणहून निरोप देत नाही. ते आपले आपण आले तर पहिली खुर्ची त्यांची. पत्ता पालथा घालून नुसतं बसून राहायची मुभा तर सगळ्यांनाच असते. पूर्ण बैठकभर पालथा पत्ता ठेवून बसलेली माणसं पुढच्या खेपेला पुन्हा येतात. त्यांना 'तुम्ही काही बोलला नाहीत' असं कुणी म्हणू नये.

१०. बोलणं झालं की कागद करावा

अरुणा शानभाग मुंबईच्या केईएम इस्पितळातल्या परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर हल्ला झाला आणि १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली एकेचाळीसहून जास्त वर्षं त्या त्याच इस्पितळात अंथरुणावर होत्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयात दयामरण मागितलं, तर केईएमच्या परिचारिकांनी त्याला विरोध केला. त्या अरुणाताईंना आपलं माणूस मानून सांभाळत होत्या. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयानं याचिका नाकारली, पण कृत्रिम उपचार थांबवण्याची वाट काही अटींवर मोकळी केली. दोन्ही बाजूंना त्यांच्याबद्दल माया होती. खुद्द अरुणाताईंना काय हवं होतं, हे सांगणारा कागद कुठंच नव्हता, आणि असता तरी तेव्हा कायद्यानं त्याला मान दिला नसता.

आता देतो. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि आधीच लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. त्या वेळची रीत फार किचकट होती, न्यायदंडाधिकाऱ्यासमोर जावं लागायचं. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी झाली. शुद्धीवर असलेल्या कुणाही सज्ञान माणसानं लिहावं, दोन साक्षीदार घ्यावेत, नोटरीपुढं किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढं सही करावी. बरं होण्याची आशा उरली नाही अशा आजारातच हा कागद लागू होतो, आणि तोही इस्पितळातल्या डॉक्टरांच्या दोन मंडळांनी एकामागून एक तपासून मान्य केल्यावर. त्यामुळं कुणी उतावीळपणानं काही करील, ही भीती बाळगायचं कारण नाही.

याची अंमलबजावणी देशात सगळ्यांत आधी गोव्यानं हाती घेतली, याचा मला अभिमान वाटतो. ३१ मे २०२४ ला उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातले तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी पर्वरीला स्वतःचं असं इच्छापत्र केलं. गोव्यात ते करणारे ते पहिले. बैठकीत ही हकिकत सांगितली की माणसं सरळ होऊन बसतात. न्यायाधीशानंच केलंय, मग यात वावगं काही नसणार, हे कुणाला वेगळं समजवावं लागत नाही.

११. ज्याचं नाव लिहाल त्याला आधी विचारा

इच्छापत्रात आपल्या वतीनं निर्णय कुणी घ्यायचा त्याचं नाव घालायचं असतं. बहुतेकांच्या मनात थोरला मुलगा असतो. कोरगावच्या बाजूच्या एका बाईंनी मुलाऐवजी भाचीचं नाव घातलं. मुलगा दुखावला, सगळ्यांसमोर म्हणाला, ''आई, मी आसताना?'' त्या म्हणाल्या, ''तू माका सोडचो ना. ती सोडतली.'' मुलगा बराच वेळ वहीत बघत बसला. मग भाचीला फोन लावला, कारण आपलं नाव लिहिलं जातंय हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं दोन दिवस मागून घेतले. ते योग्यच होतं. ज्याला 'हो' म्हणायचं आहे, त्याला 'नाही' म्हणायची सवड द्यावी.

कागद झाला की एक प्रत ज्याचं नाव आहे त्याला, एक घरच्या डॉक्टरांना आणि एक पंचायतीतल्या किंवा पालिकेतल्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडं. मूळ कागद कपाटात सोन्याबरोबर ठेवू नये. १०८ दारात उभी असताना किल्ली सापडत नाही. मन बदललं तर लेखी देऊन केव्हाही रद्द करता येतो, नवा करता येतो. परिचारिकाबाई सांगतात, चतुर्थीला मुंबई-पुण्याची माणसंही घरी येतात, तेव्हा विसर्जन झाल्यावर, माटोळी उतरवून झाली की, तो एकदा सगळ्यांसमोर वाचून घ्यावा आणि काही बदलायचं असेल तर नोटरीची तारीख त्याच आठवड्यात घ्यावी.